दोनशे आठची रेघ

३ फेब्रुवारी

कामाच्या वहीत लिहिता येत नाही ते साठत चाललंय. साठलं की मी लोकांवर ओरडते. आज लिफ्टवाल्यावर ओरडले. त्याच्या बुटांना माती होती. आमची प्रयोगशाळा जुन्या खाणीत, अकराशे मीटर खाली. वर सगळी मातीच, तो बिचारा काय उडत येणार? तरी ओरडले. तेव्हा ही वही.

माझं काम एवढंच. यंत्रात जाणारी प्रत्येक वस्तू आधी मोजून बघायची, तिच्यातून किरण निघतात का आणि किती. केळ्यातून निघतात, विटेतून निघतात, माणसाच्या घामातूनही निघतात. जिच्यातून जवळजवळ काही निघत नाही ती आत, बाकी सगळं बाहेर. सव्वीस वर्षं हेच चाललंय. म्हणून मला सगळे 'सासूबाई' म्हणतात, आणि पाठीमागे नाही, चांगलं तोंडावर म्हणतात.

पहिल्या एप्रिलला यंत्राला झाकण लावायचं आणि शेवटची मोठी मोजणी सुरू करायची. दुसऱ्या एका देशातला गट जूनमध्ये सुरू करतोय. त्यांच्या आधी आपण, हे एकच डोक्यात आहे. आता राहिलाय फक्त तांब्याचा एक पेला आणि त्याला लागणारे चाळीस प्लास्टिकचे स्क्रू. हे तांबं आम्ही विकत घेत नाही, खालीच द्रावणातून थर थर वाढवतो. एका पेल्याला चौदा महिने लागतात. स्क्रू मिस्त्री कापतोय, पेलाही त्याच्याच हातचा. मिस्त्री म्हणजे माझा नवरा. लग्नाआधीही मी त्याला मिस्त्रीच म्हणायचे, ती सवय गेली नाही.

९ फेब्रुवारी

मिस्त्रीला घाम फुटतोय. बसल्या जागी शर्ट काढून पंख्याखाली बसतो. मी म्हटलं, पाळी माझी जातेय आणि गरमी तुला होतेय, हे बरंय. एरवी हसला असता. आज नुसतं बघितलं.

कंबरही धरलीय. लेथवर तीस वर्षं वाकून दुसरं काय होणार? डॉक्टरकडे जा म्हटलं तर म्हणाला, जाऊन आलो, गोळ्या दिल्यात.

जेवताना मध्येच म्हणाला, "बाई, एक सांग. एवढी वर्षं मी तांबं कापतोय. आपण नक्की शोधतोय काय? मला कळेल असं सांग."

"आता सुचलं? निवृत्तीला चार वर्षं राहिली असताना?"

"कळू दे की."

मग सांगितलं. अगदी सुरुवातीला पदार्थ आणि त्याचा उलटा जोडीदार, प्रतिपदार्थ, जवळजवळ सारखेच जन्मले. दोघे भेटले की दोघेही खलास, मागे नुसता प्रकाश. पण अब्जभर जोड्यांमागे पदार्थाचा एक कण जास्त निघाला. का, ते कुणाला माहीत नाही. बाकीचे सगळे गेले, तो एक उरला. तारे, दगड, तू, मी, सगळं त्या उरलेल्यातलं.

"अब्जात एक?" मिस्त्री म्हणाला. "एवढं बारीक काम मला जन्मात जमलं नाही."

मग डार्क मॅटरचं सांगितलं. ते दिसत नाही, त्याच्या ओढीवरून कळतं, आणि आपल्या सगळ्याच्या पाचपट आहे. आमच्या लोकांचा अंदाज असा की तेही त्याच वेळी, त्याच कारणाने उरलं. एकाच घरातले दोन भाऊ, एक बोलका आणि एक मुका. दोघे संख्येने सारखेच उरले असतील तर मुक्याचा एकेक कण हायड्रोजनच्या पाचपट जड पडेल. म्हणजे तसा हलकाच. हलक्या कणाची टिचकीही हलकी. ती ऐकू यायला हवी तर यंत्र पार गप्प हवं. म्हणून मी लोकांच्या बुटांवरून ओरडते.

"म्हणजे आपण शिल्लक राहिलेली माणसं," मिस्त्री म्हणाला. "आणि जे गेले त्यांचं काहीच मागे राहिलं नाही?"

"प्रकाश राहिला, सांगितलं ना. तुझं आज काय चाललंय?"

"काही नाही." मग म्हणाला, बारा ते पंधरा तो बहिणीकडे जाऊन येणार आहे. वन्संशी माझं तीन वर्षं बोलणं नाही, तेव्हा मी काही विचारलं नाही.

१६ फेब्रुवारी

मिस्त्री काल परत आला तो छोट्या खोलीत झोपायला गेला. म्हणे घोरतो, तुला त्रास नको. एकोणतीस वर्षं घोरतोय, त्रास आज आठवला.

आणि आज लेक आली, चिमणीला घेऊन. चिमणी सहा महिन्यांची झाली, कुणाकडेही झेपावते. आजोबाकडे झेपावली तर हा चार पावलं मागे सरला. "सर्दी आहे मला," म्हणाला. सर्दी कसली? दिवसभरात एक शिंक नाही. दारापाशी उभा राहिला, तिथूनच चुटक्या वाजवल्या. लेक म्हणाली, "बाबा, घ्या ना जरा. काही होत नाही." हा म्हणाला, "पुढच्या वेळी."

ती दोन दिवस राहायला आली होती, संध्याकाळीच निघाली. जाताना डोळे भरले होते तिचे. मी मिस्त्रीला म्हटलं, तू दगड आहेस. त्याने मान हलवली, जसं काही मी भाजी आणायला सांगितलं. गाडी वळेपर्यंत खिडकीत उभा होता.

१९ फेब्रुवारी

स्वतःचे कपडे वेगळे धुतो. टॉवेल वेगळा, ताट वेगळं. सोफ्यावर मी बसले की हा खुर्चीत जातो. मी काय नवी नवरी नाही की उठताबसता मिठ्या हव्यात, पण माणसाने एवढं तुटक वागावं?

मनात आलं ते लिहून टाकते, इथे कोण बघतंय? बाहेर कुणी आहे का? छप्पन्नाव्या वर्षी? त्या दिवशी खरंच बहिणीकडे गेला होता का? वन्संना फोन करून विचारायचं तर मला आधी नाक घासावं लागेल. मरू दे.

२३ फेब्रुवारी

मिस्त्रीने चाळीस स्क्रू आणून दिले. तांदळाच्या दाण्याएवढे, आणि एकाचाही आटा तिरका नाही. माणूस कसाही वागो, हात अजून देवाचा आहे. सारखा पाणी पितो, गालात लिंबाची गोळी. म्हटलं साखर तपासून घे. तपासलीय म्हणाला.

ॲसिडवालीने स्क्रू धुऊन दिले. ही आमच्याकडची रसायनं बघणारी बाई, तांबं ॲसिडमध्ये धुते. प्लास्टिकला मात्र ॲसिड चालत नाही, ते साबणपाण्यात आणि स्पिरिटमध्ये. उद्यापासून आठ दिवस स्क्रू माझ्या मोजयंत्रात.

४ मार्च

रेघ आली.

स्क्रूंच्या आलेखावर दोनशे आठला एक रेघ, आणि एकशे तेराला तिची धाकटी बहीण. प्रत्येक द्रव्याची आपली ठरलेली जागा असते, जसा घराचा नंबर. या दोन नंबरांवर राहणारं एकच आहे, ल्युटेशियम-१७७. ते खाणीत नाही, हवेत नाही, प्लास्टिकमध्ये नाही. ते मिळतं फक्त दवाखान्यात. कर्करोग अंगभर पसरला, बाकीचे उपाय थकले की देतात.

म्हणजे आमच्यातलं कुणीतरी हे औषध घेतंय आणि लपवतंय. दारावर नियम लावलाय, माझ्या सहीचा, केवढ्या अक्षरात! अंगात असलं औषध घेतलं तर कळवा, तीन महिने खाली येऊ नका. न कळवता आलात तर कायमचे बाहेर. चाळीसच्या चाळीस स्क्रू वाया. स्क्रूंवरून ते उतरायला दोन महिने. पहिला एप्रिल गेला.

आजारी माणसाबद्दल वाईट वाटायला हवं, कळतं मला. नाही वाटत. राग येतोय. चौदा जणांच्या नऊ वर्षांच्या कामात थुंकल्यासारखं आहे हे.

५ मार्च

मोठ्या साहेबांकडे गेले. म्हटलं, सगळ्यांना ओळीत उभं करा, मी हातातला मीटर फिरवते, दहा मिनिटांत चोर सापडतो. साहेब म्हणाले, "बाई, ही माणसं आहेत. सुटे भाग नाहीत. कुणाच्या शरीरात काय आहे ते त्याने सांगायचं, आपण शोधायचं नाही." फार मोठा साधू.

घरी मिस्त्रीला सगळं सांगितलं. तो उभाच होता, भिंतीला टेकून. मग म्हणाला, "सापडला तर काय करशील?"

"काय करशील म्हणजे? नियम आहे. बाहेर."

"आणि समजा त्याचं तसंच काही कारण असेल?"

"कारण असलं म्हणून काय? तोंड नव्हतं का सांगायला?"

"बरोबर आहे," म्हणाला. जेवला नाही. माझ्या कामाचं त्याला एवढं लागलं हे बघून, खरं सांगते, बरं वाटलं.

१० मार्च

रेघ साडेसहा दिवसांत निम्मी होणार, ते तिचं वय आहे. चौथ्या तारखेपासून रोज मोजतेय, आणि अगदी तसंच उतरतेय. आता शंकेला जागा नाही.

नवे स्क्रू कापायचे तर मिस्त्री म्हणतो, "मी नाही कापत. तू काप."

"मी? मला सुई ओवता येत नाही."

"शिकवतो की."

हा काय वेडेपणा? पण कंबर दुखते म्हणाला, वाकवत नाही म्हणाला, आणि दुसऱ्या कुणाला यंत्राला हात लावू द्यायला तयार नाही. शेवटी बसले लेथवर. हा दोन हात लांब, तोंडाला मास्क, हात पाठीमागे बांधून उभा. "घाई नको. हात सैल सोड. हत्यार आपण ढकलायचं नसतं बाई, त्याला जाऊ द्यायचं." पहिले सतरा मोडले. अठरावा आला. मी ओरडलेच आनंदाने. वळून बघितलं तर मिस्त्रीचे डोळे लाल. म्हटलं, एवढं काय? म्हणाला, "तुला जमलं."

१२ मार्च

आज लाज वाटेल असं केलं.

स्क्रूंना हात लावणारे मोजून चौघे. मिस्त्री, ॲसिडवाली, क्रेनवाला आणि मी. क्रेनवाला बैलासारखा आहे, परवा दोन डबे खाल्ले. ॲसिडवाली मात्र महिनाभरात अर्धी झालीय, गळ्याची हाडं दिसतात. चहाच्या वेळी सगळ्यांदेखत विचारलं, "तू कसलं औषध घेतेयस का?"

तिने कप खाली ठेवला. मग शांतपणे म्हणाली, "माझी आई गेली, सासूबाई. पाच आठवडे झाले. घास उतरत नाही. तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही कधी विचारलं नाही." कप धुतला आणि निघून गेली.

सॉरी म्हणायला हवं होतं, तोंडच उघडलं नाही. मिस्त्री तिच्या मागे गेला, जिन्यापाशी काहीतरी बोलत होता. घरी आल्यावर मला म्हणाला, "त्या पोरीच्या वाटेला पुन्हा जाऊ नकोस. तिचा काही संबंध नाही."

"तुला काय माहीत?"

"नाही तिचा संबंध," एवढंच म्हणाला, आणि छोट्या खोलीचं दार लावून घेतलं. ही सहानुभूती मला महिन्यात एकदा तरी मिळाली असती तर!

२२ मार्च

माझे स्वतःचे चाळीस स्क्रू पूर्ण. वाकडेतिकडे आहेत पण लागतील. मोजायला ठेवलेत. मिस्त्री बारीक झालाय, पट्ट्याला त्याने नवीन भोक पाडलं. म्हणतो, चांगलंच आहे, पोट गेलं. पंचवीसला पुन्हा बहिणीकडे चाललाय. मी म्हटलं, फार पुळका आलाय. म्हणाला, "परत आलो की बोलू आपण. मला बोलायचंय तुझ्याशी." ही वाक्यं कशाआधी येतात ते मी टीव्हीवर बघितलंय. सोडून जाणार असेल. जा म्हणावं. तीस वर्षं मीही कुठे नीट बोलले?

२५ मार्च

साहेबांनी अखेर परवानगी दिली, पण ज्याची इच्छा त्यानेच यायचं. चौदांपैकी तेरा जण स्वतःहून उभे राहिले. ॲसिडवाली पहिली. मी मीटर फिरवला, मीटर भिंतीसमोर करतो तेवढीच टकटक करत होता. तिने विचारलं, "झालं समाधान?" आज मात्र म्हटलं, "चुकलं माझं." तिने मान हलवली.

तेराही स्वच्छ. राहिला मिस्त्री, तो सकाळीच गेलाय. त्याच्याकडे कुणी बोट दाखवणार नाही हे मला माहीत आहे, पण उद्या कुणी म्हणायला नको की सासूबाईंनी घरचा माणूस सोडला. त्याची कामाची पिशवी घरी आहे. मीटर घेऊन आलेय. तेवढी मोजून वहीत नोंद करते.

त्याच दिवशी, दुपारी चार

नोंद कामाच्या वहीत नाही, इथे करते.

पिशवी कोपऱ्यात होती, छोट्या खोलीच्या दाराबाहेर. पिशवीजवळ मीटर जरा घाईत आला. मला वाटलं, मीटरच बिघडला. दार उघडलं. पलंगाजवळ टकटक वाढली, आणि उशीपाशी गेले तर एकाला एक लागून वाजायला लागला. उशीवर वाळलेल्या लाळेचा डाग होता. टॉवेल, धुवायच्या कपड्यांची बादली, लिंबाच्या गोळ्यांची बाटली, सगळीकडे वाजत होता. मी मीटर बंद केला, पुन्हा लावला, बॅटरी काढून घातली. सव्वीस वर्षं मी लोकांना सांगतेय, आकडा आवडला नाही म्हणून मीटर बदलू नका.

घाम, कंबर, कोरडं तोंड, चिमणी. चिमणीला न घेता दारात उभा होता तो. आणि मी त्याला दगड म्हटलं.

वन्संना फोन केला. त्या म्हणाल्या, "दादा? इकडे तो वर्षभरात आलेला नाही. का, काय झालं?" मी फोन ठेवला, मग पुन्हा लावला आणि नीट सांगितलं. दोघी रडलो.

२६ मार्च

दवाखाना त्याच्या ड्रॉवरमधल्या कागदावरून सापडला. प्रोस्टेटचा कर्करोग, दोन वर्षं झाली. इंजेक्शनं, त्यानेच तो घाम फुटायचा. मग हाडांत गेलं. काल औषधाचा दुसरा डोस. असे सहा द्यायचे असतात, सहा-सहा आठवड्यांनी.

त्याला वेगळ्या खोलीत ठेवलंय, मध्ये शिशाचा पडदा. मला पिवळ्या पट्टीमागे उभं केलं. मीच असल्या पट्ट्या लोकांसाठी मारत आले.

मला बघून म्हणाला, "सापडला वाटतं चोर."

"का नाही सांगितलंस?" हे विचारायचं नाही असं येताना ठरवलं होतं. पहिलं तेच निघालं.

"तू काम सोडलं असतंस. आणि मला रोज मोजत बसली असतीस."

"असते बसले! मग?"

"मला नको होतं. घरात तरी माणूस म्हणून राहायचं होतं, नमुना म्हणून नाही." मग म्हणाला, "आणि पेला पुरा करायचा होता. वाटलं, आठवडा गेलाय, हातमोजे आहेत, मास्क आहे, काय होतंय? पण तोंड असं कोरडं पडायचं बाई, जीभ टाळ्याला चिकटायची. स्क्रू ओठांत धरला की जरा पाणी सुटायचं. जुनी खोड. कधी मास्क खाली ओढला आणि स्क्रू तोंडात गेला, कळलंही नाही. तू रेघ सांगितलीस तेव्हा कळलं."

ती खोड मीच सोडवली होती, लग्नाच्या वर्षी. असं मी समजत होते.

मी पट्टीच्या आत पाऊल टाकलं. नर्स ओरडली. तिचं बरोबर होतं, मीही ओरडले असते. परत मागे आले आणि तिथेच उभी राहिले, वेळ संपेपर्यंत.

३० मार्च

दूषित वस्तूंचा फॉर्म मीच बनवलाय. त्यात एक रकाना आहे, 'स्रोत'. साहेब म्हणाले, "अज्ञात लिहा. मी सही करतो. या माणसाने आपल्याला पाच पेले कापून दिलेत." साहेबांना मी साधू म्हणून हिणवलं होतं. आज त्यांच्यासमोर मान वर करवेना.

मिस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "खरं लिही. उद्या त्या रेघेवरून दुसऱ्या कुणाचं नाव निघालं तर? एकदा निघालंच होतं."

नाव लिहिलं. खाली नियमाप्रमाणे, कायमची प्रवेशबंदी. सही माझी. ॲसिडवाली बाहेर उभी होती. तिने मला धरलं आणि मी कितीतरी वेळ तिच्या खांद्यावर होते, सगळ्यांदेखत.

१० एप्रिल

आता आम्ही एका खोलीत झोपतो. पहिले पंधरा दिवस लांब राहा म्हणून सांगितलं होतं, तेवढं मी ऐकलं. काल मिस्त्री म्हणाला, "अजून असेल थोडं." म्हटलं, "असू दे. माझं सगळं आयुष्य किरणांत गेलंय, तुझ्या चार किरणांनी काय होणार?"

लेक येऊन गेली. तिला सांगितलं. ती जमिनीवर बसून रडली. चिमणीला अजून दोन आठवडे मांडीवर द्यायचं नाही. तो दारातून चुटक्या वाजवत होता, आणि या वेळी सगळ्यांना माहीत होतं का ते.

२९ एप्रिल

यंत्राला आज झाकण लागलं. माझे वाकडे स्क्रू लागले. मी खाली गेले नाही, रजा घेतली होती. आज मिस्त्रीचं स्कॅन होतं.

डॉक्टर तरुण आहे, पेन फिरवत बोलतो. म्हणाला, दोन डोसनंतर गाठी कमी व्हायला हव्या होत्या. वाढल्यात. यकृतातही दिसतंय. रक्त उतरलंय. तिसरा डोस देण्यात अर्थ नाही. मी त्याच्याशी भांडले. आकडे मागितले, आलेख मागितला, मोजणीत चूक किती धरली ते विचारलं. त्याने सगळं दाखवलं. चूक नव्हती. मिस्त्री म्हणाला, "चल बाई. त्याचं काम त्याने नीट केलंय."

७ मे

चिमणीला मांडीवर घेतलं त्याने. तिने त्याचा चष्मा ओढला, नाक ओरबाडलं. तासभर बसला, मांडीची हाडं दुखत असणार, उठला नाही.

काल तिसऱ्या डोसची तारीख होती. कॅलेंडरवर मीच गोल केला होता.

२० मे

खालून ॲसिडवालीचा फोन येतो रोज. यंत्र अगदी गप्प आहे म्हणते, एवढं गप्प आजवर कुणाचंच नव्हतं. अजून टिचकी नाही. मी ऐकते आणि बरं म्हणते. मिस्त्री आता पलंगावरच असतो. दुखण्याची गोळी लागली की बोलतो, नाहीतर डोळे मिटून पडतो.

मीटर मी परत दिलेला नाही. त्याला मोजणार नाही असं कबूल केलं होतं, पण रोज दुपारी तो झोपला की त्याच्या पाठीशी धरते. एप्रिलमध्ये वाजायचा. मग कमी कमी होत गेला. औषध आहे तोवर काहीतरी चाललंय आत, कुणीतरी लढतंय, असं मी धरून बसले होते. डॉक्टरने सांगूनही.

आज आधी भिंत मोजली, पाच मिनिटं. मग त्याला मोजलं, पाच मिनिटं. भिंत एकशे सदतीस. तो एकशे छत्तीस. पुन्हा मोजलं. पाठीशी, पोटाशी, गळ्याशी. काही नाही. सगळं उतरलं होतं.

तो जागाच होता. डोळे न उघडता म्हणाला, "लागलं का काही?"

"नाही."

"एकदम स्वच्छ?"

"एकदम."

"मग चांगलं झालं की बाई," म्हणाला. "तुला तसंच लागतं."

मी मीटर बंद केला नाही. त्याच्या छातीवर ठेवला आणि पुढची टक् व्हायची वाट बघत बसले.